विभक्त असल्याचा कागद

बंदरपाखाडी, जि. रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २०२५

रूपेश,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. ज्या पोराने आईचा नंबर फोनमध्ये बंद करून ठेवलाय त्याला आशीर्वादाने सुरुवात करायची माझी तयारी नाही. दहा दिवस फोन लावतेय. आधी वाटलं, राजस्थानच्या वाळूत रेंज नसेल. मग शेजारच्या सोनूबाईच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटेला उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पाकिटाला ब्लॉक करता येत नाही, आणि ते तुझ्या युनिटच्या टपालातून चारचौघांसमोर हातात पडणार, म्हणजे घ्यावंच लागेल.

आधी कामाचं. सोबत एक कागद आहे, ग्रामसेविका योगिनी मॅडमनी मसुदा करून दिलाय. लग्न झाल्यावर तू चिपळुणात वेगळं बिऱ्हाड केलंस, पण रेशनकार्ड वेगळं केलं नाहीस. माझ्या कार्डावर अजून तुझं नाव आहे, तुला सरकारी नोकरी आहे, म्हणून घरकुलाच्या यादीतून माझं नाव उडालं. मी आणि तू विभक्त राहतो, एवढं एक वाक्य तिकडच्या नोटरीसमोर लिहून सही कर आणि पाठव. तीस नोव्हेंबरला तक्रारीची मुदत संपते. त्यानंतर पुन्हा पाहणी कधी होईल ते मॅडमनाही माहीत नाही.

घाई का, तेही सांगते, कारण तू दोन वर्षांत मागच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाहीस. वादळात कौलं गेली त्याला पाच वर्षं झाली. वर आहे ती चौथी ताडपत्री. या पावसात मागच्या भिंतीला पोट सुटलंय. मातीत बसवलेला जांभा, माती धुपली की त्याला धरायला काही राहत नाही. खोली मी श्रावणातच सोडली, आता पडवीत निजते. पुढचा पाऊस ती भिंत बघणार नाही.

ग्रामसभेतला माझा व्हिडिओ तुझ्या साहेबांनी बघितला आणि तुला बोलावून विचारलं, हे सूनबाईकडून कळलं. तुला लाज वाटली म्हणे. मी जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण त्यावर भांडायचं तर सही करून झाल्यावर भांड.

बकुळा खंडू डोर्लेकर
(तुझी आई, रेशनकार्डाप्रमाणे)


२६ ऑक्टोबर २०२५

रूपेश,

दिवाळी झाली. तुझं उत्तर आलं नाही, सूनबाईचा फोन मात्र आला. हेतल म्हणाली, "आई, त्यांचं म्हणणं आहे की तुम्ही चिपळूणला येऊन राहा, सरकारकडे कशाला हात पसरायचा?" सांगण्यासारखं इतकं होतं तर स्वतः सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? सीमेवर उभा राहणारा माणूस बायकोच्या पदराआडून बोलतो, याचा व्हिडिओ कुणी काढला नाही हे तुझं नशीब.

तू एकोणतीस सेकंद बघितलेस. उरलेलं मी लिहिते.

आपल्या वाळवणाच्या मैदानावर सागरी सुरक्षेची चौकी होणार म्हणून चौथरा झाला होता, तो तू मागच्या गणपतीत बघून गेलास. "आता गाव सुरक्षित झालं," असं मलाच सांगून गेलास. चौकी आता दोन मजली आहे. आत गुळगुळीत फरशी, वर गोल फिरणारा दिवा, दारावर संगमरवरी पाटी. माणूस मात्र नाही. उद्घाटनाच्या दिवशी चार शिपाई दिसले होते, ते त्याच गाडीने गेले. स्पीडबोट आली, पण डिझेल मंजूर नाही म्हणून वर ओढून झाकून ठेवलीय. बोटीवरची ताडपत्री माझ्या घरावरच्या ताडपत्रीपेक्षा जाड आहे, मी हात लावून बघितलाय. आमची सुकटं आता चौकीच्या कुंपणाच्या भिंतीवर वाळतात. तेवढा एक उपयोग झाला.

मग राखण कोण करतं? आम्ही करतो. अकरा बायकांचं रक्षक दल आहे. प्रत्येकीला नारिंगी जॅकेट, शिट्टी आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलंय. पहाटे होड्या यायच्या वेळेला आम्ही पाट्या घेऊन किनाऱ्यावर असतोच, तर जाता जाता देशाचंही बघा, असा सरकारचा हिशोब. पगार नाही, भत्ता नाही. जॅकेट पुरुषांच्या मापाचं आहे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी एक रिकामी होडी खडकाला लागलेली दिसली. नाव खरवडलेलं, आत दोन पिंपं. मी चौकीच्या पाटीवरचा नंबर लावला. रूपेश, त्या बंद चौकीच्या आत फोन वाजायला लागला. आम्ही अकराजणी बाहेर उभ्या राहून तो ऐकत होतो. सोनूबाई म्हणाली, "अगो, उचल की कोनीतरी, दिल्लीवरनं आसंल." हसून हसून पोट दुखलं, आणि भीतीही वाटत होती, कारण पिंपात काय आहे ते कुणाला ठाऊक? मग मी तालुक्याला कळवलं. त्यांना यायला पाच तास लागले. पाच तास पावसात आम्ही कडं करून उभ्या राहिलो, एका पोराला जवळ जाऊ दिलं नाही. पिंपात खराब तेल निघालं. होडी वरच्या कुठल्याशा बंदरातून दावं तुटून आली होती.

तालुक्याचे साहेब खूश झाले. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमचा सत्कार ठेवला. शाल घेऊन माझ्यापर्यंत आले तेव्हा मी हात जोडले आणि म्हटलं ते असं: "साहेब, शाल नको. पाच तास उभं राव्हा म्हणून आमाला कोनी सांगितलं नव्हतं, आमी राव्हलो. घरी गेलो तं माज्या मागच्या खोलीत घोटाभर पानी. जिथं मानूस नाय त्या चौकीवर स्लॅब, आनि राखन करनाऱ्या बायकांच्या डोक्यावर ताडपत्री, हा खर्च ठरवला कोनी? माजा पोरगा सीमेवर हाय. सीमेवर पैसा घाला, त्याला मी नाय म्हननार नाय. ह्या रिकाम्या भिंतीत घातलेला पैसा वाया जातोय."

सरपंच भागोजीच्या ट्रॅक्टरने चौकीचा जांभा आणि वाळू आली, हे तुला सांगायला नको. त्याच्याच माणसाने मधलं कापून जोडलं. "माजा पोरगा सीमेवर हाय, सीमेवर पैसा", आणि लगेच "वाया जातोय". वर नाव दिलं, सैनिकाची आईच देशाच्या विरोधात. आणि तू, जो माझ्या पोटात नऊ महिने होतास, तू ते खरं धरलंस.

कागदाचं काय केलंस ते कळव. पस्तीस दिवस उरलेत.

बकुळा


१० नोव्हेंबर २०२५

रूपेश,

पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, शाळेत असताना निबंधाला कधी पानभर लिहिलं नाहीस. सहीचा कागद त्यात नव्हता. पाकीट दोनदा उलटं करून झटकलं.

तू लिहितोस, त्र्याण्णव साली स्फोटकं याच कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले, म्हणून चौकी हवी. बरोबर आहे. त्र्याण्णव साली मी लग्न होऊन नुकती या पाखाडीत आले होते, तुझे बाबा पंधरा दिवस समुद्रावर जाऊ शकले नव्हते. मला शिकवू नकोस. चौकी नको असं मी म्हटलेलंच नाही. चौकीत माणूस हवा, बोटीत डिझेल हवं, फोन उचलायला हात हवा. नुसत्या स्लॅबला घाबरून कोण परत जाणार आहे? बडा घर पोकळ वासा, आणि त्या वाशाला तू सलाम ठोकतोस.

तू लिहितोस, घरकुलं देऊन देश वाचत नाही. मग देश म्हणजे काय ते एकदा मला नीट लिहून पाठव. नकाशावर रेघ असते ती देश, हे तिसरीच्या पुस्तकात होतं. रेघेच्या आत आम्ही बसतो की नाही? आमच्या दलातल्या नऊजणींची नावं होती घरकुलाच्या यादीत. त्यातल्या चौघींच्या घरात संडास नाही. सरकारकडे पैसा नाही असं सांगितलं असतं तर मुकाट बसले असते, गरीब घरात वाढलेय मी. पण पैसा माझ्या डोळ्यांदेखत आला, माझ्याच वाळवणावर उभा राहिला आणि कुलूप लावून गेला. ते बघून जो गप्प बसतो तो देशभक्त आणि जो विचारतो तो फितूर, हे तुला कुठल्या कवायतीत शिकवलं?

तू लिहितोस, चिपळूणला ये. आले होते की. दोन महिने काढले तुझ्या तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत चार बांगडे वाळत घातले तर सोसायटीचा सेक्रेटरी वर आला, आणि तुझ्या बायकोने त्याच्यासमोर माझ्याकडे असं बघितलं की बांगडे मीच कचऱ्यात टाकले. पाण्यात उतरायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही, दार लावून मालिका बघायच्या. मी अजून दिवसाला दोन पाट्या मासळी विकते. मला कशाला वर नेऊन ठेवतोस?

आणि शेवटच्या पानावरचं ते वाक्य. "तू सरकारकडे घर मागतेस म्हणजे मी मेलोय असं गावाला सांगतेस." हे लिहवलं तरी कसं तुला? मी तीन दिवस जेवले नाही. सोनूबाईला वाटलं पित्त झालं.

आता एक गोष्ट लिहिते, ती मॅडमना माहीत नाही, सोनूबाईला माहीत आहे पण ती बोलणार नाही. माझं नाव फक्त रेशनकार्डावरच्या तुझ्या नावामुळे गेलं, हे मी तुला खोटं सांगितलं.

पाहणी करणारा माणूस मार्चमध्ये आला, नेमका शिमग्यात, ज्या दिवशी पालखी आपल्या दारी यायची होती. देवी वर्षातून एकदा घरात येते, तिला काय ताडपत्री दाखवायची? मी दोन दिवस राबले होते. मंडळाकडून मंडपाचं कापड आणून आतून छत लावलं, निळी ताडपत्री दिसू दिली नाही. मागच्या खोलीला पडदा. देवळातल्या खुर्च्या, भागोजीच्या घरची समई, भिंतीला चुना. सोनूबाईचा फ्रिजसुद्धा आणून ठेवला, पालखीबरोबर येणाऱ्यांना सरबत द्यायला. घर असं सजलं होतं की मलाच वाटलं, आपलं बरं चाललंय.

तो माणूस दारात आला. मी म्हणू शकले असते, दादा, आज हे सगळं उसनं आहे, पडदा बाजूला करून बघा. अंगणात वीस माणसं होती, ढोल वाजत होता. पालखीच्या दिवशी रडगाणं गायचं नसतं. त्याने विचारलं, "घरात नोकरीला कोण?" मी भिंतीवरचा तुझा वर्दीतला फोटो खाली काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हटलं, माझा रूपेश सीमेवर असतो. पगार विचारला तर तुझ्या खऱ्या पगाराच्या दुप्पट सांगितला, कारण भागोजीची बायको शेजारी उभी होती. म्हटलं, मला कशाला काही कमी पडू देतो तो.

त्याने ते सगळं फोनमध्ये भरलं, घराचा फोटो काढला, सरबत प्यायला आणि गेला. यादीत माझ्या नावापुढे आलं, पक्कं घर, अपात्र.

तू मेलास असं मी गावाला सांगते होय? तू एवढा मोठा आहेस हे सांगता सांगता मी घर घालवलं. आता तरी सही कर.

आई


२४ नोव्हेंबर २०२५

रूपेश,

कागद पोचला. स्पीड पोस्टाने, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, सगळं नियमाप्रमाणे. सोबत चिठ्ठी नव्हती.

मॅडमच्या मसुद्यात एकच वाक्य होतं, की आई माझ्यापासून विभक्त राहते. दुसरं तू घातलंस. "तिच्या उदरनिर्वाहाशी माझा कोणताही संबंध नाही व राहणार नाही." व राहणार नाही, एवढं सरकारनेही मागितलं नव्हतं. मी पडवीत बसून ते मोठ्याने वाचलं, मग मनात वाचलं, मग सोनूबाईकडून वाचून घेतलं. तिन्ही वेळा तेच निघालं.

सोनूबाई म्हणाली, "जाऊ दे गो बाय, कागद हाय तो. कागदावर कायपन लिवतात." मी पण तेच धरून चालले होते. पण दर महिन्याच्या पंधरा तारखेला हेतल जे दोन हजार टाकते ते या महिन्यात आले नाहीत. मी त्यासाठी थांबले नव्हते, मासळीवर माझं भागतं. पण तुझ्यासारख्या वर्दीतल्या माणसाने खोटं प्रतिज्ञापत्र करायचं कसं, नाही का? आधी लिहिलंस आणि मग खरं करून दाखवलंस. इतकी शिस्त मी तुला लावली नव्हती.

सहा दिवस राहिलेत. हा कागद दिला तर घर मिळेल. फाडला तर पुढच्या पावसात भिंत माझ्या अंगावर येईल, आणि मग तू रजा काढून येशील, खांदा देशील, गाव म्हणेल, बघा कसा पोरगा. ते तुला मी मिळू देणार नाही.

उद्या पहिल्या एसटीने तालुक्याला जाते.

बकुळा


३ डिसेंबर २०२५

रूपेश,

काम झालं. तुला कळवायचं बंधन नाही, तुझाच कागद तसं सांगतो. तरी लिहिते, कारण यात तुझं एक काम निघालंय.

पंचायत समितीत योगिनी मॅडम स्वतः बरोबर आल्या. तिथल्या कारकुनाने तुझा कागद घेतला आणि मोठ्याने वाचत वाचत टेबलापाशी गेला. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. "संबंध नाही व राहणार नाही" इथे त्याने वर बघितलं. म्हातारी माणसं होती रांगेत, त्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. कारकून म्हणाला, "मावशी, कागद पक्का आहे. यापेक्षा पक्का मी बघितलेला नाही." शिमग्याचंही मी सांगितलं, पडदा, फ्रिज, दुप्पट पगार, सगळं. तो हसला नाही. म्हणाला, शिमग्यात पाहणी झाली त्या गावांतून अशा सात तक्रारी आल्यात. म्हणजे एकटी मीच शहाणी नव्हते. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन भिंत बघून गेला, आणि काल मॅडमचा निरोप आला की नाव यादीत लागलं. पहिला हप्ता आला की पाया. पावसाच्या आधी भिंती उभ्या राहतील असं मॅडम म्हणतात. चौकीला मात्र अजून कुलूपच आहे, आणि मी येत्या ग्रामसभेत तेच विचारणार आहे. तुझ्या साहेबांना आधीच सांगून ठेव, म्हणजे व्हिडिओ बघून दचकायला नको.

आता तुझं काम. अर्जाच्या शेवटी वारसाचा रकाना असतो. माझ्यानंतर घर कुणाला. मॅडमनी विचारलं, कुणाचं नाव घालू? मी म्हटलं, रूपेश खंडू डोर्लेकर.

त्यांनी पेन उचललं. म्हणाल्या, "बकुळाताई, यांनी तर संबंध नाही म्हणून लिहून दिलंय."

मी म्हटलं, "उदरनिर्वाहाशी संबंध नाही असं लिहिलंय. मी मेल्यावर कसला आलाय उदरनिर्वाह?"

मॅडमनी नाव घातलं. मी खाली सही केली, अंगठा नाही, सही.

राग आला असेल तुला. सीमेवरच्या माणसाच्या नावावर गरिबाचं घर लागणार, उद्या साहेब पुन्हा बोलावून विचारतील. तर तुझ्यासाठी म्हणून मी कारकुनाला विचारून ठेवलंय. वारसाला नाव नको असेल तर ते काढता येतं. पण पोस्टाने चालत नाही, नोटरी चालत नाही, बायकोला पाठवून चालत नाही. त्याने स्वतः यायचं, अर्जदारासमोर उभं राहायचं, आणि तिच्या तोंडावर सांगायचं की मला तुझं काही नको. मग दोघांनी सही करायची.

रजा मिळेल तेव्हा ये. सकाळी मी किनाऱ्यावर असते, दुपारनंतर घरी.

आई